बोसॉन: एका कणाचं नव्हे, घराण्याचं नाव

४ जुलै २०१२. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनं नवा कण सापडल्याचं जाहीर केलं आणि आपल्याकडच्या बातम्यांमध्ये ‘देवकण’ झळकला. तेव्हापासून बोसॉन म्हणजे तो एकच कण, असं अनेकांच्या मनात बसलंय. तसं नाही. हिग्ज हे त्या कणाचं नाव, बोसॉन हे घराण्याचं. आणि हे घराणं ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, ते आहेत सत्येंद्रनाथ बोस.

१९२४ साली बोस ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत होते. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचं प्लांक यांचं सूत्र बरोबर होतं, पण ते सिद्ध करण्याची पद्धत बोस यांना पटत नव्हती. त्यांनी प्रकाशकण मोजण्याची रीतच बदलली.

समजा, दोन कण आहेत आणि दोन खण. कण वेगवेगळे ओळखता येत असतील, तर मांडण्या होतात चार: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, पहिला डावीकडे नि दुसरा उजवीकडे, किंवा याच्या उलट. पण कण हुबेहूब सारखे असतील, तर शेवटच्या दोन मांडण्यांत फरकच उरत नाही. मांडण्या राहतात तीन. तिन्ही सारख्याच शक्य धरल्या, तर दोघं एकाच खणात असण्याची शक्यता निम्म्यावरून दोन तृतीयांशांवर जाते! एकत्र जमण्याची ही ओढ या साध्या मोजणीतून निघाली, हे मला आजही विलक्षण वाटतं.

बोस यांनी लेख आइन्स्टाइन यांना पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापून आणला, आणि पुढे हीच मोजणी अणूंच्या वायूला लावली. खूप थंड केल्यावर असे अणू एकाच अवस्थेत एकवटतील, असं भाकीत त्यांनी केलं.

असे एकत्र जमणारे कण म्हणजे बोसॉन. ‘बोसॉन’ हा शब्द मात्र भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी दिला, १९४५ मध्ये, पॅरिसमधल्या एका व्याख्यानात. ज्यांना एका अवस्थेत दुसरा सोबती चालत नाही, ते कण भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांच्या नावानं फर्मिऑन झाले. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन त्यातले. फोटॉन (म्हणजे प्रकाशकण), क्वार्कांना बांधून ठेवणारा ग्लुऑन आणि हिग्ज हे बोसॉन. (क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्या आतले कण.) कुठला कण कुठल्या घराण्यात, हे ठरतं स्पिनवर, म्हणजे कणाच्या फिरकीसारख्या अंगभूत गुणधर्मावर: शून्य, एक, दोन असा पूर्णांक असेल तर बोसॉन; अर्धा, दीड असेल तर फर्मिऑन.

बोस यांना नोबेल मिळालं नाही. १९७४ मध्ये ते गेले. आइन्स्टाइन यांनी भाकीत केलेला अणूंचा तो एकवटलेला समूह १९९५ मध्ये रुबिडियमच्या वायूत प्रत्यक्ष तयार झाला, आणि त्या कामाला २००१ चं नोबेल मिळालं.

म्हणजे हा शब्द मूलकणांपुरता नाही. हेलियम-४ चा अख्खा अणू बोसॉन आहे. उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास तो द्रव कसल्याही घर्षणाविना वाहू लागतो. हेलियम-३ मध्ये फक्त एक न्यूट्रॉन कमी, पण तो फर्मिऑन. तसं वाहण्यासाठी त्याच्या अणूंना आधी बोसॉनसारख्या वागणाऱ्या जोड्या जमवाव्या लागतात, आणि त्यासाठी निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या नीचांकी तापमानाच्या, जवळपास हजारपट अधिक जवळ जावं लागतं.