चित्र हलतं, मग आवाज कुठे अडतो?

लग्नाची जुनी डीव्हीडी नव्या लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि फाईल उघडली. अंतरपाट दिसतो, भटजींचे ओठ हलतात, अक्षता पडतात; मंगलाष्टकं मात्र ऐकू येत नाहीत. दुसरं एखादं गाणं लावलं तर ते खणखणीत वाजतं, म्हणजे स्पीकर ठीक आहे. मग घरात निकाल लागतो, "डीव्हीडी खराब झाली", आणि फाईल उडवली जाते. मंडळी, ती उडवू नका, हे सांगायलाच मी आज आलोय. बहुतेक वेळा आवाज त्या फाईलमध्ये शाबूत असतो.

फाईलच्या नावापुढे एमपी४, एमकेव्ही किंवा एव्हीआय लिहिलेलं असतं. त्यावरून फक्त बांधणी कळते. आत चित्र वेगळं, आवाज वेगळा, आणि दोन्ही आपापल्या पद्धतीने आकसून ठेवलेले असतात. आवाज एएसीत असेल, एमपी३त असेल, एसी-३ किंवा डीटीएसमध्येही असेल. प्रत्येकाला उलगडणारा डीकोडर निराळा. एकाच लखोट्यात दोन पत्रं आहेत, एक बाळबोधीत आणि दुसरं मोडीत, असं समजा. मोडी वाचता न येणाऱ्याच्या हाती ते पडलं म्हणून त्यावरची शाई उडालेली नसते.

डीव्हीडीवर आवाज बहुधा एसी-३मध्ये असतो. हे तंत्र डॉल्बी कंपनीचं. १९९२मध्ये चित्रपटगृहांत आलं आणि पुढे डीव्हीडीवर रुळलं. त्याचा डीकोडर द्यायचा तर परवान्याचे पैसे मोजावे लागत, म्हणून कोणी तो देई, कोणी गाळी. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजबरोबर एसी-३चा डीकोडर येत नाही. जुन्या आवृत्तीवरून बढती घेतलेल्या मशीनवर मात्र तो राहतो. त्यामुळे एकच फाईल तुमच्याकडे मुकी आणि शेजाऱ्यांकडे बोलकी, असं होऊ शकतं. मला खटकतं ते हे, की कित्येक प्लेअर याबद्दल एक ओळही दाखवत नाहीत. चित्र चालू ठेवतात, आणि माणूस आपल्याच फाईलवर संशय घेतो.

व्हीएलसी नावाचा प्लेअर आपले डीकोडर स्वतःबरोबर आणतो, विंडोजवर अवलंबून राहत नाही. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो उभा राहिला आणि २००१पासून मुक्त परवान्याखाली आहे. फाईल त्यात उघडा, टूल्स मेनूतून कोडेकची, म्हणजे आकसण्या-उलगडण्याच्या पद्धतीची, माहिती काढा. तिथे ऑडिओपुढे 'ए५२' दिसलं तर तोच आपला एसी-३. साध्या मोबाईलवर काढलेल्या जुन्या ३जीपी फाईलींत 'एएमआर' दिसेल. फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेली ती पद्धत, सेकंदाला फक्त ८००० नमुने घेणारी. पण गेलेल्या आजोबांचा आवाज तिच्यातच उरलेला असू शकतो.

त्या यादीत ऑडिओ दिसतच नसेल तर गोष्ट वेगळी. स्क्रीन रेकॉर्ड करताना माइक निवडला नव्हता, किंवा इंटरनेटवरून फक्त चित्राचा भाग उतरला. तिथे कुठलाही प्लेअर काही करू शकत नाही.

अजून एक प्रकार फसवा आहे. पार्श्वसंगीत येतं, संवाद येत नाहीत. ५.१ आवाजात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा अशा मांडणीत, संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरच्या वाट्याला असतात, आणि तुमच्याकडे दोनच स्पीकर. प्लेअरच्या ऑडिओ मेनूत स्टिरिओ निवडून पाहा.

फाईल सगळीकडे वाजायला हवी असेल तर एफएफएमपेगसारख्या साधनाने फक्त आवाज एएसीत बदलून घ्या आणि चित्र जसंच्या तसं नकलून ठेवा. सगळी फाईल नव्याने बनवायला लावली की वेळही जातो आणि आधीच फिकट झालेलं चित्र आणखी बिघडतं. कोडेकचे गठ्ठे अनोळखी ठिकाणांहून उतरवू नका. आणि मूळ फाईल, नवी नीट वाजली तरी, पुसू नका.