माकुलाचे ठिपके आणि धनुर्वाताचं विष

(रत्नागिरीत विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि परिचारिका यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मिरकरवाड्याच्या जेटीवर जिवंत माकूल (मऊ अंगाचा, अनेक बाहूंचा समुद्री जीव) उतरलं तर त्याच्या अंगावरचे तांबूस ठिपके नीट बघा. ते पसरतात, आकसतात, परत पसरतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची लवचीक पिशवी, तिला चहूबाजूंनी जोडलेले स्नायू. स्नायू ताणले की पिशवी चपटी होऊन पसरते, सैल पडले की आपसूक आकसते. या स्नायूंवर थेट चेतातंतूंचा हुकूम चालतो. ठिपका पसरला याचा अर्थ असा, की चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या, ग्लुटामेट या निरोप्या रसायनानं भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पेशीच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला भिडल्या, त्यांचं पटल पेशीच्या पटलाशी एकजीव झालं आणि आतला माल बाहेर सांडला.

हे एकजीव होणं सोपं नाही, आणि माझं आजचं सगळं म्हणणं याच एका अडचणीभोवती आहे. चेतापेशीतली पुटिका साधारण 40 नॅनोमीटर व्यासाची, पटलाची जाडी 4 ते 5 नॅनोमीटर. पटलातल्या मेदरेणूंची डोकी पाणी घट्ट धरून ठेवतात. दोन पटलं अगदी जवळ आली, की मधलं पाणी हटायला तयार होत नाही. त्यामुळे पुटिका पटलाला खेटून नुसती पडून राहू शकते, काहीच घडत नाही. बाहेरून जोर लावावा लागतो, आणि तो जोर प्रथिनं आपल्या घडीतून पुरवतात.

या प्रथिनांना स्नेअर म्हणतात. सिनॅप्टोब्रेव्हिन पुटिकेवर असतं. एका पुटिकेवर त्याचे सुमारे 70 रेणू. सिंटॅक्सिन आणि स्नॅप-25 पेशीच्या पटलावर. पहिल्या दोघांचा एकेक पेड आणि स्नॅप-25 चे दोन, असे चार पेड एकमेकांभोवती वळले जातात. सुंभ वळावा तसं हे वळण पटलापासून लांबच्या टोकाला सुरू होतं आणि पटलाकडे सरकत येतं. जसजसं ते पुढे येतं, तसतशी पुटिका खेचली जाते. आधी दोन्ही पटलांचे समोरासमोरचे थर मिसळतात, मग पलीकडचे, आणि शेवटी छिद्र उघडतं. एका पुटिकेला किमान किती दोऱ्या लागतात यावर अजून वाद आहे.

पण हे वळण मनाला येईल तेव्हा पुरं झालं तर पुटिका कधीही सांडेल. म्हणून मंक-18 हे आणखी एक प्रथिन सिंटॅक्सिनला बंद घडीत धरून ठेवतं, मंक-13 ती घडी उघडायला मदत करतं, आणि अर्धवट वळलेली दोरी कॉम्प्लेक्सिन या प्रथिनाच्या ताब्यात थांबते. कॅल्शियम आत आलं की सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन ते पकडतं आणि उरलेलं काम एक मिलिसेकंदाच्या आत उरकतं. कॅल्शियमचं हे महत्त्व 1967 मध्ये काट्झ आणि मिलेदी या शास्त्रज्ञांनी माकुलाच्याच वर्गातल्या स्क्विडच्या महाकाय चेतासंधीवर (दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेवर) पक्कं केलं. केंड माशात सापडणाऱ्या टेट्रोडोटॉक्सिन या विषानं त्यांनी चेतासंदेश पूर्ण बंद पाडला, मग तंतूच्या टोकाला नुसता विद्युतप्रवाह दिला. कॅल्शियम असेल तर स्राव होतच राहिला. दोन्ही जीव आपल्याच किनाऱ्यावर मिळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. चार पेडांची ही दोरी इतकी घट्ट असते, की एसडीएससारखा साबणही तिला सोडवू शकत नाही. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर नमुना न उकळता चढवलात तर तुम्हाला वर जड पट्टा दिसेल, आणि सिनॅप्टोब्रेव्हिन जिथे असायला हवं तिथे फिकटच. उकळलात की तिघं सुटी होऊन आपापल्या जागी येतात. नमुना उकळायला विसरून ‘प्रथिनच नाही’ असा निष्कर्ष काढणारे दरवर्षी निघतात.

मग पेशी काय करते? तिला तर उकळता येत नाही. तिथे एनएसएफ हे सहा एककांचं यंत्र आणि त्याचा जोडीदार अल्फा-स्नॅप (नाव सारखं असलं तरी स्नॅप-25 शी त्याचा संबंध नाही) एटीपी हे पेशीचं इंधन जाळून दोरी उकलतात, म्हणजे पेड पुन्हा वापरता येतात. जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेनं एनएसएफ शोधून काढलं ते याच खुणेवर: एका रसायनानं ते निकामी केलं की गॉल्जीतली (पेशीतल्या माल-वाटप केंद्रातली) वाहतूक ठप्प होते. रँडी शेकमन यांनी दुसरी वाट धरली. 25 अंशांना वाढणारे आणि 37 अंशांना स्राव अडकून पडणारे यीस्ट त्यांनी शोधले. माल आत साचल्यामुळे या पेशी जड होतात, म्हणून घनतेवरून त्या वेगळ्या काढता आल्या. यीस्टचं सेक-18 जनुक आणि प्राण्यांमधलं एनएसएफ एकच निघालं. कॅल्शियम आणि सिनॅप्टोटॅग्मिनचा दुवा उलगडणारे थॉमस स्युडहॉफ यांच्यासह या तिघांना 2013 चं नोबेल मिळालं.

परिचारिकांना मात्र विषांबद्दल ऐकायचं असेल. धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेव्हिनला 76 आणि 77 क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये कापतं. बोटुलिनम हे अन्नविषबाधेतलं जिवाणूंचं विष, त्याचे अनेक प्रकार. त्यातलं बोटुलिनम-बी अगदी तिथेच कापतं. बोटुलिनम-ए स्नॅप-25 च्या शेपटातली 206 पैकी फक्त 9 अमिनो आम्लं छाटतं. धनुर्वाताचं विष आणि बोटुलिनम-बी यांचा काप सारखाच, मग पहिल्यात शरीर कमानीसारखं ताठ आणि दुसऱ्यात लुळं का? फरक विष कुठे पोचतं यात आहे. बोटुलिनम स्नायूपाशीच थांबतं आणि स्नायूला आज्ञाच मिळत नाही. धनुर्वाताचं विष चेतातंतूतून उलटं मेरुरज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींमधला ग्लायसिन व गाबा या निरोप्या रसायनांचा स्राव बंद करतं. आवर गेला की स्नायू ताठरतात.

माशाचा काटा किंवा खिळा खोल रुतला की जखमेच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि मातीतले जिवाणू तिथेच वाढतात. गंज हे कारण नव्हे, हे गावोगाव सांगायला हवं. अँटिटॉक्सिन फक्त बाहेर फिरणारं विष पकडतं. चेतापेशीत शिरलेल्या विषाला ते हात लावू शकत नाही. म्हणून बरं व्हायला आठवडे लागतात. आणि एकदा धनुर्वात झालेल्यालाही लस द्यावीच लागते, कारण जीव घेणारी विषाची मात्रा प्रतिकारशक्ती जागी करायला पुरत नाही. सरकारी वेळापत्रकात 10 व्या आणि 16 व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्प) लसीचे डोस आहेत. बंदरावर काम करणाऱ्यांचे हे डोस झालेत का, ते कार्डावर तपासून घ्या.