हौद्यात काय असतं रोज?

(पहाट. रत्नागिरी जिल्ह्यातला जांभ्याचा सडा. हौद्यातल्या पेट्यांचा खडखडाट आधी ऐकू येतो, पिकअप नंतर दिसतो.)

हा आवाज आमच्या गाडीचा. कातळशिल्पांच्या चित्रीकरणासाठी आम्ही उक्षी, कशेळी, बारसूच्या बाजूला बरेच फिरलो. शिल्पांपासून गाडी लांबच थांबवायची हा आमचा नियम, पण तिथवर पोचायचं म्हणजे सडा तुडवणं आलंच. लांबून सपाट दिसणारा जांभा जवळ गेलं की चाळणीसारखा दिसतो. चाकाखाली वीत-वीत अंतरावर खळगा, मग उंचवटा, मग पुन्हा खळगा. ताशी वीसनेसुद्धा गाडीचा मागचा भाग उड्या मारायचा. अशाच एका उडीत लेन्सची पेटी उघडली आणि आम्ही ठरवलं, मागचे शॉकअप बदलायचे.

(गॅरेज. गाडी रॅम्पवर.)

आम्ही मोबाइलवर चार-पाच कंपन्यांची चित्रं घेऊन गेलो होतो. निळे, पिवळे, एक तर सोनेरी. मेस्त्रींनी ती पाहिलीच नाहीत. हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, हौद्यात काय असतं रोज?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. "सामान," आम्ही म्हणालो.

"सामान म्हणजे किती किलो?"

(गाडीखालून दिसणारे पाटे. गंज, वाळलेला चिखल.)

पिकअप ही मुळात ओझ्याची गाडी. आज आपल्याकडे मिळणारे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स पाहा. पुढच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा आहेत, मागे मात्र एकसंध अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, टांग्याला असायच्या त्याच जातीच्या. हे पाटे हौदा भरलेला धरून बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते दगडासारखे ताठ राहतात. वर त्यांचा आणखी एक स्वभाव आहे. ते एकमेकांवर घासतात, आणि हे घर्षण लहान धक्क्याला जुमानत नाही. बारीक खळग्यांवर पाटे हलतच नाहीत, नुसता टायर फुगतो-दबतो आणि सगळा मागचा भाग एखाद्या पेटीसारखा उडतो. पाटा हलला नाही तर शॉकअपलाही काम मिळत नाही. मग तो कितीही महागाचा असो.

म्हणून मेस्त्रींनी आधी पाटे उतरवले. गंज घासून काढला, पाट्यांच्या टोकांमधल्या झिजलेल्या चकत्या बदलल्या. सड्यावर चढण्याआधी टायरमधली हवा पस्तीसवरून बावीस-तेवीसवर आणायला सांगितलं, आणि डांबरावर परतल्यावर पुन्हा भरायला. नवा शॉकअप अजून दुकानातच होता, आणि निम्मा खडखडाट गेला होता. हे कुठल्याच जाहिरातीत सांगत नाहीत, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

(वजनकाटा. फक्त मागची चाकं काट्यावर.)

राहिलेल्या निम्म्यासाठी आम्ही गाडी वजनकाट्यावर नेली. पुढची चाकं खाली, मागची काट्यावर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार कळतो. एकदा रिकाम्या हौद्याने, एकदा चित्रीकरणाला निघतो तशा भरलेल्या हौद्याने. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. डिझेलचा वीस लिटरचा कॅन सतराएक किलोचा, डबा वेगळा. बॅटऱ्या, ट्रायपॉड, जनरेटर, दोर, फावडं, जादा टायर. "सामान" म्हणून आम्ही जे झटकून टाकलं होतं ते तीन माणसांच्या वजनाएवढं भरलं.

हा आकडा कशाला हवा? वजन पेलतो पाटा. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त पाट्याला आवर घालतो. आत तेल असतं आणि दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं, त्यावर पातळ पोलादी चकत्या. तेल त्यातून चेपून निघतं तेव्हा उडीतली ताकद उष्णतेत जाते. हा आवर किती लागेल ते पाट्याच्या ताठपणावर आणि त्यावरच्या वजनावर ठरतं. पाटा तोच ठेवून वजन दुप्पट केलं तर तोच परिणाम साधायला साधारण 1.4 पट आवर लागतो. म्हणून रिकाम्या गाडीला बसेल असा शॉकअप भरल्या हौद्याखाली पांगळा वाटतो, आणि ओझ्यासाठी घेतलेला रिकाम्या गाडीत कंबर मोडतो. नेहमी असतो त्या भारासाठी घ्यायचा. वर्षातून एकदा भाच्याच्या लग्नाची भांडी वाहायची म्हणून नाही.

(उभे कापलेले दोन जुने शॉकअप, शेजारी शेजारी.)

डावीकडचा दोन नळ्यांचा. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडा वायू. जोरात, फार वेळ हादरला की वायू तेलात मिसळतो, फेस होतो, आणि फेस पाट्याला आवरू शकत नाही.

उजवीकडचा एकाच नळीचा. यात तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो, त्यामुळे फेस होत नाही. नळी थेट हवेला लागून असल्याने तेल लवकर थंड होतं. ही कल्पना फ्रेंच इंजिनिअर द कार्बों यांची. 1950च्या दशकात जर्मनीच्या बिलस्टीन कंपनीने ती मर्सिडीजच्या गाड्यांसाठी वापरात आणली. कागदावर उजवाच जिंकतो.

पण एकाच नळीच्या शॉकअपमध्ये बाहेरची भिंत हीच आतली भिंत. दगड लागून पोचा आला की दट्ट्या तिथे अडकतो, आणि शॉकअप संपला. दोन नळ्यांच्या शॉकअपला पोचा आला तर तो सहसा बाहेरच्या नळीला येतो. आतली कामवाली नळी शाबूत राहते.

(संग्रहित दृश्य: वाळवंटात धुरळा उडवत जाणाऱ्या शर्यतीच्या गाड्या.)

आणि तो तिसरा, सोनेरी, शेजारी वेगळा डबा लोंबणारा? त्याचं माहेर मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात. 1967 पासून तिथे बाहा 1000 ही शर्यत होते. शेकडो किलोमीटर, तासन्‌तास, भरधाव. तिथे शॉकअपमधलं तेल उकळायला येतं, म्हणून जादा तेल आणि वायू ठेवायला वेगळा डबा. आपल्याकडे दगडाधोंड्यांत आपण ताशी दहाने रांगत असतो. गोव्यात 2014 पासून झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज आठवा, भर पावसाळ्यात चिखलात विंचने, म्हणजे गाडीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, गाड्या ओढणं. तिथे चाकांची चढ-उतार किती मिळते ते महत्त्वाचं, तेल थंड ठेवणं नाही. राजस्थानच्या वाळूत किंवा ऑस्ट्रेलियाच्या पन्हाळी पत्र्यासारख्या मातीच्या रस्त्यांवर दिवसदिवस गाडी हाणणारा असेल तर डबा जरूर घ्यावा. आम्हाला तो फक्त फोटोत छान दिसला असता. फोटो काढणं हा आमचा धंदा आहे, तरीही.

(मेस्त्री टेप घेऊन गाडीखाली. एक चाक जॅकवर.)

यानंतरचं काम रुक्ष आहे, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. लांबी. एक मागचं चाक उचलून दुसरं लोंबू दिलं. शॉकअपच्या वरच्या डोळ्यापासून, म्हणजे बोल्टच्या भोकापासून, खालच्या डोळ्यापर्यंत दोन मापं घेतली, पाटा पूर्ण दबून वरच्या रबरी ठोकळ्याला टेकलेला असताना आणि पूर्ण सुटलेला असताना. ठोकळा टेकण्याआधी शॉकअप आत मिटून संपता कामा नये, नाहीतर सगळा दणका शॉकअपच्या बुडाला बसतो. उलट बाजूने तो फार लांब असेल तर ब्रेकची नळी आणि एबीएसची तार ताणली जाते. दोन्हीकडे दीड-दोन सेंटीमीटर मोकळे ठेवले.

कोनही पाहिला. बऱ्याच पिकअपमध्ये मागचे शॉकअप तिरके असतात, एक अ‍ॅक्सलच्या पुढे आणि एक मागे, म्हणजे जोर लावताना अ‍ॅक्सल पिळला तरी आवरला जातो. शॉकअप उभ्या रेषेपासून तीस अंश कलला असेल तर अ‍ॅक्सल दहा सेंटीमीटर हलल्यावर तो पावणेनऊच हलतो, आणि उभ्या दिशेचा आवर पाऊणच उरतो. म्हणून चांगले बनवणारे एकेका गाडीसाठी वेगळा शॉकअप काढतात. "सगळ्यांना बसतो" म्हणून विकला जाणारा कुणालाच धड बसत नाही.

गाडी उंच करण्याचा मोह आम्हालाही झाला. टाळला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा दिसेल असा बदल चालत नाही. आणि उंच गाडी घाटात वळणावर कशी झुकते ते वरंधा घाटात एकदा पाहिलं आहे.

(बोल्ट आवळताना जवळून. चाकं जमिनीवर.)

आम्ही दोन नळ्यांचाच घेतला. मूळच्यापेक्षा जाड, आत हलक्या दाबाचा नायट्रोजन, आमच्या भरलेल्या हौद्याच्या वजनाला जुळणारा. चारही बोल्ट हाताने लावून मेस्त्रींनी गाडी खाली उतरवली, हौद्यात पाण्याचे कॅन ठेवले आणि मगच पाना फिरवला. चाक लोंबत असताना आवळलं तर रबरी बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासायला या, म्हणाले.

(पुन्हा सडा. त्याच पेट्या, तीच वाट.)

खडखडाट आहे. कमी आहे. पेट्या जागच्या जागी आहेत.

पावसाळा सरल्यावर गाडी पुन्हा रॅम्पवर चढली. डाव्या शॉकअपवर अंगठ्याएवढा पोचा होता, कुठल्या दगडाने दिला ते आम्हाला आठवतही नाही. मेस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं, तेलाचा ओलावा आहे का ते पाहिलं, आणि म्हणाले, "चालू द्या."