रायफल हलणारच

(नवशिक्या नेमबाजांच्या आणि त्यांच्या पालकांच्या शिबिरात झालेलं भाषण, थोडं संपादित करून.)

‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत टोमणा म्हणून शिकला असाल. मला मात्र त्यात वावगं काही दिसत नाही. बंदूक कशावर तरी टेकवली की नेम चांगला लागतो, मग ती वाळूची गोणी असो, भिंत असो नाहीतर मित्राचा खांदा. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारताना, दोन्ही कोपरं जमिनीवर असतात आणि दंडाला अडकवलेली स्लिंग, म्हणजे पट्टा, रायफलचं वजन घेते. नीलिंगमध्ये, म्हणजे एका गुडघ्यावर बसून मारताना, दुसरा गुडघा मदतीला येतो. स्टँडिंगला, म्हणजे उभ्यानं मारताना, यातलं काहीच नाही. स्लिंगसुद्धा नियमात बसत नाही. दोन पावलं, त्यांच्यावर तुम्ही, आणि तुमच्यावर साडेपाच किलोपर्यंतची रायफल.

आणि एअर रायफलची स्पर्धा सगळीच्या सगळी उभ्यानं असते. पोहायला शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी पंचगंगेच्या पुरात उतरवावं, तसा हा प्रकार आहे.

आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे या तिन्ही प्रकारांनी मारायच्या स्पर्धेचं, ब्राँझ जिंकलं, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याचे प्राथमिक फेरीचे आकडे कुणी बघितलेत का? नीलिंगला १९८, प्रोनला १९७, स्टँडिंगला १९५. प्रत्येकी २०० पैकी. जगातल्या पहिल्या आठांत बसणाऱ्या माणसाचेही सगळ्यात कमी गुण उभं राहिल्यावरच आले. तेव्हा तुमचा सात आणि आठ लागला म्हणून रडायचं कारण नाही.

शिबिराच्या पहिल्या तासाला मला हमखास एकच प्रश्न येतो. “सर, रायफल हलतीय, काय करू?” पोरगं दात-ओठ खाऊन रायफल आवळून धरतं, खांदे कानापर्यंत चढवतं, आणि जितकं आवळेल तितकी ती जास्त थरथरते. मी म्हणतो, हलू दे. माणूस उभा असला की डुलतोच. हृदय चालू आहे, श्वास चालू आहे, पायाचे स्नायू सारखे इकडून तिकडून तोल सावरतायत. ऑलिंपिकवाल्याचीही रायफल हलते. फरक एवढाच, तुमची करडासारखी उड्या मारते आणि त्याची पाळण्यासारखी डुलते. आपल्याला उडी घालवून झोका आणायचा आहे. झोका थांबवायला जाऊ नका. ते कुणाला जमलेलं नाही.

मग झोका कसा आणायचा? इथं मी तुम्हाला माझ्या आजीकडं घेऊन जातो. आजी कडेवर नातवंड घेऊन दारात उभी राहायची आणि शेजारणीशी तासतासभर बोलायची. दहा-बारा किलोचं पोर, पण कधी दमली म्हणून तिनं त्याला खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. कशी उभी राहायची ती? एका बाजूचं कंबरेचं हाड बाहेर काढून. पोर त्या हाडावर बसलेलं. ते सरळ पायातून जमिनीत. तोल साधायला वरचं अंग किंचित उलट्या बाजूला कललेलं. दंडाची ताकद तिनं वापरलीच नाही, सगळं हाडांवर तोललं.

स्टँडिंगची पोझिशन म्हणजे हुबेहूब हीच. उजव्या हातानं मारणाऱ्यांसाठी सांगतो, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्यावं. टार्गेटकडं डावी कूस करून आडवं उभं राहायचं. पावलं साधारण खांद्याएवढ्या अंतरावर, वजन दोन्हींवर जवळपास सारखं. डाव्या बाजूचं कंबरेचं हाड टार्गेटच्या दिशेनं पुढं. डावं कोपर त्या हाडावर टेकवायचं. ज्यांचा हात आखूड आहे त्यांचं तिथं पोचणार नाही, त्यांनी दंड बरगडीला चिकटवावा, चालतंय. वरचं अंग टार्गेटपासून मागं आणि जरा डावीकडं वळलेलं, म्हणजे रायफलचं पुढचं वजन बरोबर डाव्या पावलावर येतं. डावा हात हा खांब आहे. त्यानं रायफल धरायची नाही, ती त्याच्यावर ठेवायची. गुडघे सरळ, पण कवायतीसारखे मागं झटकून ताणायचे नाहीत.

तालमीत जाणारी दोन पोरं आमच्याकडं यायची. अंगात भरपूर ताकद, आणि स्टँडिंगला सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच झाला. पैलवानाला गुडघ्यात वाकून, स्नायू तयार ठेवून उभं राहायची सवय, कारण समोरचा कधीही पटात शिरेल. आपल्या समोरचा कागद आहे, तो अंगावर येत नाही. स्नायू ढिले सोडायला त्यांना तीन महिने लागले. पालकांनी एक लक्षात ठेवावं, ही पोझिशन कंबरेला जड जाते. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम नसतील तर मुलांना तासतासभर उभं करू नका. जाड जॅकेट घेऊन दिलं की काम झालं, असंही समजू नका. जॅकेटच्या कापडाची जाडी आणि ताठरपणा स्पर्धेत मोजतात, आणि हाडं जागेवर नसतील तर जॅकेट काही करू शकत नाही.

डोकं सरळ ठेवा. रायफल गालाकडं आणायची, गाल रायफलकडं न्यायचा नाही. तोल सांभाळणारं यंत्र कानाच्या आत असतं, मान वाकडी करून तुम्ही त्यालाच गोंधळात टाकता. मान वाकवावी लागत असेल तर बटप्लेट (खांद्याला टेकतो तो भाग) आणि चीकपीस (गाल टेकतो तो भाग) बदलायचं. रायफलला ते स्क्रू शोभेसाठी दिलेले नाहीत.

आता मी सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यावर घालवतो ते. पोझिशन घेतली, रायफल बसली. आता डोळे मिटा. दोन श्वास सोडा. डोळे उघडा. रायफल कुठं बघतीय? टार्गेटच्या उजवीकडं असेल तर हातानं तिला डावीकडं ओढायचं नाही. उजवं पाऊल अगदी थोडं सरकवा आणि पुन्हा डोळे मिटा. अंग आपण होऊन जिथं बघतं, तिथंच टार्गेट यायला पाहिजे. याला आम्ही नॅचरल पॉइंट ऑफ एम म्हणतो. वरखाली असेल तर डाव्या हाताची जागा किंवा बटप्लेट. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना कधी एकदा फायर करतो असं झालेलं असतं. पण हातानं ओढून दहावर आणलेली रायफल ट्रिगर सुटायच्या क्षणी आपल्या मूळ जागेकडं परत निघते, ताणलेल्या रबरासारखी. मग तुम्ही म्हणता, दहावर होती, आठ कसा लागला.

थोडं गणित सांगतो. दहा मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर आहे. पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरचा, म्हणून ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतो. रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या खुणांमध्ये, साधारण ८० सेंटिमीटर अंतर. या दोन साइट एकमेकींपासून एक दशांश मिलिमीटर सरकल्या, तर टार्गेटवर सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे अर्धी रिंग. सगळ्यात जास्त गुण १०.९, त्याचा थेट १०.४. आजच्या फायनलमध्ये या अर्ध्या गुणात मेडल इकडचं तिकडं होतं.

म्हणून डोळा कुठं ठेवायचा हे महत्त्वाचं. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही गोष्ट प्रत्येक बक्षीस समारंभात पाहुणे सांगतात. मी व्यासपीठावर गप्प बसतो. पण आपल्या खेळाला ती गोष्ट लागू नाही. आपल्याला स्पष्ट दिसली पाहिजे ती पुढच्या साइटची रिंग. टार्गेटचा काळा गोल तिच्यात जरा धूसर दिसला तरी चालतो, दिसावाच. जुन्या मराठीत बंदुकीच्या टोकावरच्या खुणेला ‘माशी’ म्हणायचे. माशीवर नजर ठेवा. टार्गेट कुठं पळून जात नाही.

आता ट्रिगर. रायफल झोका घेतीय. झोका दहावर आला, तुम्ही म्हणालात “आत्ता!” आणि दाबलं. डोळ्यानं बघितलेलं बोटापर्यंत पोचायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो. तेवढ्यात झोका दहा ओलांडून पुढं गेलेला असतो. वर तुम्ही घाईनं बोट ओढलेलं, त्यानं रायफलला धक्का. याला दहा हिसकावणं म्हणतात. स्टँडिंगचा सगळ्यात मोठा आजार हाच, हात हलणं नव्हे. औषध असं: झोका लहान व्हायला लागला की ट्रिगरचा पहिला टप्पा घेतलेलाच असावा, आणि दुसरा हळूहळू वाढत जावा. नेमका कधी सुटेल ते ठरवू नका. सुटल्यावरही रायफल तशीच धरून एक श्वास थांबा. पेलेट ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जातो, तरी नळीतून निघेपर्यंत रायफल त्याला हलवू शकते.

मॅथ्यू एमन्स नावाचा अमेरिकन नेमबाज आहे. माझ्या मते त्याच्या काळातला फार मोठा. २००४ ला अथेन्समध्ये त्यानं प्रोनचं सुवर्ण जिंकलं. मग थ्री पोझिशनच्या फायनलला, जी तेव्हा उभ्यानंच होती, शेवटच्या शॉटआधी तो तीन गुणांनी पुढं होता. त्यानं शांतपणे नेम धरला आणि शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. शून्य. थेट आठवा. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा तीच फायनल, पुन्हा तो तीनपेक्षा जास्त गुणांनी पुढं, पुन्हा शेवटचा शॉट. रायफल टार्गेटवर उतरत असतानाच ट्रिगर सुटला. ४.४. चौथा. २०१२ ला लंडनमध्ये शेवटचा शॉट ७.६ लागला आणि रौप्याचं ब्राँझ झालं. पालथं पडून सोनं मिळवणारा माणूस, आणि उभा राहिला की शेवटची एक गोळी. त्याच्या पोझिशनमध्ये खोट काढायची माझी पात्रता नाही. तुम्हाला एवढ्यासाठी सांगतोय की उभ्या माणसाला साठावा शॉट पहिल्याइतकाच नव्यानं उभारावा लागतो. (अथेन्सच्या त्या संध्याकाळी एमन्सचं सांत्वन करायला आलेल्या चेक नेमबाज कातेरझिना कुर्कोवाशी पुढं त्याचं लग्न झालं, आणि बीजिंगचं पहिलं सुवर्ण तिनं जिंकलं. त्या शून्याचं फारसं वाईट वाटून घेऊ नये.)

श्वासाबद्दल लोक फार बोलतात. श्वास सोडल्यावर जो विसावा आपोआप येतो, त्यात मारा, बस. छाती फुगवून दम कोंडू नका. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर मेंदू आणि डोळा दोन्ही दमतात. डोळ्याला आधीचंच चित्र दिसत राहतं, रायफल भलतीकडं गेली तरी कळत नाही. तेव्हा रायफल खाली घ्यायची.

हे ‘खाली घ्यायची’ मी दोनदा सांगतो, कारण मला ते शिकायला फार वर्षं लागली. माझ्या पहिल्या राज्य स्पर्धेत चांगले शॉट चालले होते. एका शॉटला रायफल बसेना. खाली घेतली तर मागं बसलेले लोक काय म्हणतील, असं वाटलं. धरून ठेवली, धरून ठेवली आणि शेवटी वैतागून मारला. सहा. मागं बसलेल्यांपैकी कुणीच बघत नव्हतं, सगळे चहाला गेले होते. साठ शॉटना सव्वा तास मिळतो. त्यात वीस वेळा रायफल खाली घेतली तरी वेळ उरतो.

घरी काय करायचं, तर ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न भरता सराव. रायफल रिकामी आहे हे आधी स्वतः बघायचं, मग घरातल्या दुसऱ्या कुणाला दाखवायचं. समोर टार्गेट लावू नका, कोरी पांढरी भिंत ठेवा. टार्गेट नसलं की दहाचा मोह नसतो, आणि ट्रिगर सुटताना पुढची रिंग उडाली की हलली नाही, एवढंच दिसतं. रोज वीस मिनिटं. रेंजवर मात्र शॉट झाला की लगेच मॉनिटर बघायचा नाही. आधी तोंडानं सांगायचं, “नऊ, उजवीकडं.” मग बघायचं. सांगितलेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की समजा, तुम्हाला तुमचा झोका दिसायला लागला. जुळत नसेल तर साइटचे क्लिक (साइट सरकवायचे स्क्रू) फिरवण्याआधी पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे पाचही कुठं एकत्र लागतायत ते, बघा. एका शॉटवर क्लिक फिरवणारा माणूस दिवसभर क्लिकच फिरवत बसतो.

मागं एक ताई हात वर करून बसल्यात मघापासून. काय म्हणता? मुलीचा हात स्थिर व्हायला किती महिने लागतील? ताई, हात स्थिर नाही होणार. पण कोपर कंबरेला लागतंय का बघू, त्यावरून सांगतो. तिला चार नंबरच्या लेनवर पाठवा. आणि पायात ते उंच सोलचे बूट आहेत, ते काढून ठेवायला सांगा.