लुकलुकणारा स्फोट

श्रोतेहो, नमस्कार.

आज रात्री आभाळ मोकळं असेल तर गच्चीवर जा. चांदण्या लुकलुकताना दिसतील. शुक्र किंवा गुरू असला तर तो मात्र देव्हाऱ्यातल्या समईसारखा स्थिर. लहानपणी हे आपल्याला कुणी ना कुणी दाखवलेलं असतं. तारा इतका लांब की आपल्या दृष्टीनं ते नुसतं टिंब. ग्रह म्हणजे इवलीशी चकती. हवा हलली की टिंब थरथरतं. चकतीच्या एका कडेचा उजेड कमी झाला तर दुसरी कड तो भरून काढते. टिंब लुकलुकतं, चकती लुकलुकत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज बोलायचंय डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांच्या संशोधनाविषयी. जन्म १९५६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. वाढले हुबळीत, मग दिल्लीची आयआयटी, अमेरिकेत बर्कली, आणि १९८५ पासून कॅलटेक, म्हणजे कॅलिफोर्नियातली तंत्रविज्ञान संस्था. २०२४ चा खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्याकडे अशी बातमी आली की पहिल्या ओळीत गाव, दुसऱ्या ओळीत नातेवाईक, आणि केलं काय ते जागा उरली तर. बातमी आहे की कांदेपोह्यांचा कार्यक्रम, कळत नाही! असो.

विद्यार्थी असतानाच, १९८२ साली, डॉन बेकर यांच्या चमूत राहून सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट आवळलेला गाभा, शोधण्यात त्यांचा वाटा होता. स्वयंपाकघरातला मिक्सर फार तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. हा तारा घेतो साडेअडतीस हजार, आणि वजन सूर्यापेक्षा जास्त. पण आज मला सांगायचाय तो १९९७ चा मे महिना.

आधी थोडी पूर्वपीठिका. गॅमा किरण म्हणजे क्ष-किरणांहूनही जोरकस प्रकाश. त्यांचे स्फोट पहिल्यांदा टिपले १९६७ मध्ये अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी. ते उपग्रह सोडलेले होते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला. आभाळात कुठूनही काही सेकंदांचा लखलखाट, आणि मग काहीच नाही. तीस वर्षं हे स्फोट आपल्या दीर्घिकेच्या, म्हणजे आकाशगंगेच्या, आसपासचे की विश्वाच्या पार पलीकडचे, हेच ठरेना. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला त्यावर जाहीर वादसभा झाली, तरीही ठरलं नाही. अडचण साधी होती: गॅमा किरणांना भिंगानं एका जागी आणता येत नाही, त्यामुळे स्फोट नेमका कुठे झाला त्याचा पत्ताच मिळत नव्हता.

पत्ता दिला बेप्पोसॅक्स या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहानं. ८ मे १९९७ ला स्फोट झाला. उपग्रहानं क्ष-किरणांत जागा पकडली, किट पीक वेधशाळेत हॉवर्ड बाँड यांना तिथे तेज बदलणारा एक मिणमिणता ठिपका सापडला. गंमत म्हणजे तो विझण्याऐवजी दोन दिवस उजळत गेला. ११ मे रोजी मार्क मेट्झगर आणि कुलकर्णींच्या कॅलटेकच्या चमूनं हवाईतली दहा मीटर आरशाची केक दुर्बीण तिकडे वळवली आणि वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून पाहिला.

वर्णपटात काळ्या रेघा. मॅग्नेशियमची जोडरेघ प्रयोगशाळेत २७९६ आणि २८०३ अँगस्ट्रॉमला येते (अँगस्ट्रॉम हे लहरींच्या लांबीचं माप). इथे ती आली ५१३१ आणि ५१४४ च्या आसपास. भागाकार करा: दोन्हींचा १.८३५. जोडीतलं अंतरही त्याच पटीनं ताणलेलं, म्हणजे रेघ ओळखण्यात घोटाळा नाही. लोखंडाच्या रेघाही त्याच पटीनं सरकलेल्या. विश्व फुगतंय, म्हणून वाटेत लहरी ताणल्या जातात. ताण जितका जास्त, तितकं अंतर जास्त. मात्र या रेघा मधल्या वायूच्याही असू शकतात, स्फोट त्याच्या मागे कितीही लांब असेल. म्हणून हे अंतर किमान समजायचं. किमान म्हणजे किती? प्रकाशाला यायला सुमारे ७०० कोटी वर्षं. तीस वर्षांचा वाद एका वर्णपटात मिटला!

आता माझा आवडता भाग. न्यू मेक्सिकोत २७ तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, व्हीएलए. डेल फ्रेल आणि कुलकर्णी तिथे याच जागेवर डोळा ठेवून होते. स्फोटानंतर पाचव्या दिवशी रेडिओत ठिपका दिसला. एक दिवस तेज वर जाई, पुढच्या खेपेला निम्म्यावर येई. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर घ्यायचा. त्यासाठी मध्येमध्ये दुर्बीण ओळखीच्या, स्थिर तेजाच्या स्रोताकडे फिरवतात. तोही डुलत असेल तर दोष आपला किंवा हवेचा. तो स्थिर असेल तर डुलणं आभाळातलं.

हे डुलणं आभाळातलं होतं. आपल्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या मधोमध इलेक्ट्रॉनांचे विरळ ढग आहेत. चांदण्यांना जशी हवा, तसे रेडिओ लहरींना हे ढग. टिंब असेल तर लुकलुकणार. प्रिन्स्टनच्या जेरेमी गुडमन यांनी असं लुकलुकणं दिसेल असं गणित नुकतंच मांडलं होतं. आणि सुमारे महिन्याभरानं लुकलुकणं ओसरलं. ठिपका तिथेच, तेजही बऱ्यापैकी, पण थरथर गेली.

टिंब लुकलुकतं, चकती लुकलुकत नाही. म्हणजे महिन्याभरात टिंबाची चकती झाली होती! तिचा आकार निघाला कोनाच्या मापात सुमारे ३ मायक्रो-आर्कसेकंद (अंशाचा छत्तीसशेवा भाग म्हणजे आर्कसेकंद, त्याच्या दहा लाखाव्या भागाच्या तिप्पट), म्हणजे चंद्रावर ठेवलेला तुरीचा दाणा पृथ्वीवरून दिसावा तेवढा. कुठल्याही दुर्बिणीला ही चकती थेट दिसत नव्हती. लुकलुकणं थांबलं म्हणून ती कळली. त्या अंतरावर हा आकार भरतो प्रकाशवर्षाचा दहावा हिस्सा. चार आठवड्यांत एवढं फुगायचं तर वेग प्रकाशाच्या जवळपासच हवा. प्रकाशाच्या जवळपास वेगानं फुगणाऱ्या अग्निगोळ्याचं जे चित्र कागदावर होतं, त्याला हे माप मिळालं.

 

मग हा स्फोट होतो कशानं? त्यामागे असतं कृष्णविवर, पण त्याला वेळ थोडाच उरला. सूर्याच्या वीस-पंचवीसपट वजनाचा, वेगानं फिरणारा तारा आतून कोसळतो, गाभ्याचं कृष्णविवर होतं, आत पडणाऱ्या द्रव्यातून दोन्ही ध्रुवांकडे झोत सुटतात. झोत आपल्या रोखानं असला तरच गॅमा स्फोट दिसतो. १९९८ च्या एप्रिलमधल्या स्फोटाच्या जागी सुपरनोव्हा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट, सापडला, आणि त्यातलं काही द्रव्य प्रकाशाच्या वेगाजवळ पळत असल्याचं कुलकर्णींच्या चमूनं रेडिओतून दाखवलं.

पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत झ्विकी हे आभाळाचं सर्वेक्षण उभारलं, २०१८ मध्ये ते सुरू झालं. सव्वा मीटरची जुनी दुर्बीण, पण एका फोटोत पौर्णिमेचे सव्वादोनशे चंद्र मावतील एवढं आभाळ. ३० सेकंदांचा फोटो, त्यातून जुना फोटो वजा. उरेल ते नवं. त्यात लघुग्रह, उपग्रहांच्या रेघा, नीट न जुळलेले तारे असा कचराच जास्त. तो संगणक चाळतो. राहिलेल्या ठिपक्यांवरून मात्र तासाभरासाठीही नजर हटून चालत नाही. म्हणून कॅलिफोर्नियात उजाडायला लागलं की लडाखमध्ये हानलेला, साडेचार हजार मीटरवर, आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटरची दुर्बीण तोच ठिपका पुढे धरते. तिथे तेव्हा नुकता अंधार पडत असतो.