आधी खाली घ्या

(दृश्य : कोथरूडमधल्या एका सोसायटीचा हॉल. रविवारची सकाळ. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मध्ये सतरंजी.)

या हॉलमध्ये एरवी वाढदिवस होतात, भाद्रपदात गणपती बसतो आणि वार्षिक सभेत पार्किंगवरून भांडणं होतात. आज इथे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला शिकवणार आहेत, म्हणून सतरंजीवर सरावाचा एक पुतळा उताणा पडलाय. डोकं, मान, छाती, बस, एवढाच. भोवती पंधरा-वीस माणसं, चपला काढून, आधी दुसरं कोणीतरी पुढे जाईल या आशेवर.

प्रशिक्षक विचारतात, "जेवता जेवता घरातलं माणूस कोसळलं. हाक मारली, ओ नाही. काय कराल?"

"तोंडावर पाणी मारू."

"कांदा हुंगवू."

"उठवून बसवू."

"सरळ गाडीत घालू."

यातल्या एकानेही बंद पडलेलं हृदय चालू होत नाही. रक्त थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला कर्वे रोडवर चार मिनिटांत गाडी कुठवर जाते, हे पुणेकराला सांगायला नको.

तेव्हा खांदे थोपटायचे, मोठ्याने हाक मारायची आणि छाती वर-खाली होते का ते बघायचं. दहा सेकंदांच्या वर नाही. फसगत होते ती इथेच. हृदय थांबलेला माणूस पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मध्येच तोंड उघडतो, घशातून घरघर येते. भोवतालचे म्हणतात, "श्वास चाललाय, थांबा." तो श्वास नसतो; छाती दाबायला घ्यायची. नाडी चाचपण्यातही वेळ घालवू नका. घाबरलेल्या बोटांना स्वतःचीच नाडी लागते.

एकाने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने खाली पळून वॉचमनला गेट उघडायला आणि लिफ्ट धरून ठेवायला सांगायचं. मोठ्या सोसायटीत ॲम्ब्युलन्स गेटपर्यंत येते आणि मग 'बी विंग कुठली' यात अडकते.

(दृश्य : पुतळा दिवाणावरच्या गादीवर ठेवलेला. एक काका जोर लावतात. गादी खाली जाते, पुतळा तिच्याबरोबर खाली जातो.)

काकांनी सगळी ताकद लावली आणि दबली ती गादी. म्हणून माणसाला आधी जमिनीवर घ्यायचं. फरशी, सतरंजी, रस्ता, काहीही चालेल. गादी आणि सोफा नको.

आता हात. छातीच्या मधोमध जे हाड आहे, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवायचा. त्यावर दुसरा हात, बोटं एकमेकांत गुंतवून. कोपरं ताठ, आपले खांदे बरोबर आपल्या हातांच्या वर. जोर दंडांतून नाही, कमरेपासून येऊ द्यायचा. मोठ्या माणसाची छाती निदान पाच सेंटिमीटर दबली पाहिजे, सहाच्या पुढे नको. नीट दाबलं की पुतळ्यातून 'टक्' असा आवाज येतो. काकांना पहिल्या वीस दाबांत तो एकदाही ऐकू आला नाही; कोपरं वाकत होती.

दाबलं की पूर्ण सोडायचं. हात उचलायचे नाहीत, फक्त भार काढायचा. सोडल्यावरच हृदयात रक्त भरतं, आणि भरलंच नाही तर पुढचा दाब ढकलणार काय?

वेग मिनिटाला १०० ते १२०. मोजताना एक अडचण खास मराठी : 'सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' म्हणता म्हणता हात मंदावतात. एक ते दहा तीनदा मोजा, सोपं जातं.

एक आजी विचारतात, "बरगडी मोडली तर?"

मोडू शकते, कडकन आवाजही येतो. प्रशिक्षक म्हणतात, "आजी, मोडलेली बरगडी जुळते. हात काढू नका."

तोंडाने श्वास द्यायचं शिकला असाल, तर तीस दाबांनंतर दोन श्वास. शिकला नसाल किंवा धीर होत नसेल, तर नुसते दाब देत राहा. कोसळण्याआधी घेतलेला प्राणवायू काही काळ रक्तात असतोच. खडकवासल्याच्या पाण्यातून काढलेल्या माणसाचं मात्र वेगळं. तो गुदमरलेला असतो, तिथे श्वास लागतोच. लहान मुलांनाही. बाहेरून छाती दाबून रक्त खेळतं ठेवता येतं, हे १९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या तिघांनी मांडलं, त्याला आता साठ वर्षं उलटून गेली. आपल्या घराघरांत अजून कांदाच पुढे येतो.

विजेचा झटका देणारं एईडी मशीन जवळपास असेल तर मागवा. चालू केलं की तेच बोलून सांगतं. ते 'दूर व्हा' म्हणेल तेव्हा कोणी अंगाला हात लावायचा नाही.

(दृश्य : सोसायटीचा वॉचमन आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू, पुतळ्याच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर.)

दोन मिनिटांत माणूस दमतो. दमलेल्याला ते कळत नाही, दाब मात्र उथळ होत जातो. म्हणून आळीपाळी. काकूंनी बांगड्या मनगटावरून वर सरकवल्यात. वॉचमनच्या कपाळावरून घाम टपकतोय, पण 'टक्' एकही चुकलेला नाही.

"आठ, नऊ, दहा... काकू, घ्या!"

त्याचे हात उचलले जातात न जातात, तोच काकूंचे टेकतात.

"एक, दोन, तीन..."