नऊ की साडेनऊ? : खेळाडूचं कार्ड तपासायचं आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करायचं, घरच्या घरी

[दृश्य : बर्नर, तांब्याची तार, हिरवी ज्योत]

तार तापून लाल झाली की ती कार्ड ठेवायच्या प्लास्टिकच्या पाकिटाच्या कात्रणाला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली, तर त्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. म्हणजे पीव्हीसी. हे पाकीट ‘कार्डांसाठी खास’ म्हणून विकलं जातं.

आता दुसऱ्या पाकिटाचं कात्रण. तार आधी जाळून साफ करून घेतली आहे. ज्योतीचा रंग जसाच्या तसा. हे पॉलिप्रॉपिलीन असू शकतं. खात्री करून घ्यायला पाण्याचा पेला पुरतो. कात्रणावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाने ते तळापर्यंत दाबायचं आणि सोडायचं. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, ते वर येतं. पीव्हीसी तळाशीच राहतं. साबण विसरलात, तर पातळ फिल्मला हवेचे बुडबुडे धरून राहतात आणि बुडणारंसुद्धा तरंगतं. बुडालं म्हणून लगेच फेकूनही देऊ नका. पॉलिएस्टर, म्हणजे मायलर, तेही बुडतं आणि कार्डासाठी उत्तम असतं. तिथे निकाल तारेचा. जाळायचं ते नखाएवढं कात्रण, खिडकी उघडी ठेवून. पीव्हीसीचा धूर आम्लाचा असतो.

[दृश्य : जुन्या अल्बमचं चिकट पान, त्यातून निघणारं कार्ड]

खेळाडूंची कार्डं जमवणाऱ्यांमध्ये चर्चा असते ती कार्डाच्या अवस्थेला दहापैकी मिळणाऱ्या आकड्याची. नऊ, साडेनऊ, दहा. कार्डाला रात्रंदिवस लागून राहतं ते मात्र प्लास्टिक. मऊ पीव्हीसीत लवचिकपणासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं ते बाहेर झिरपतं, पान चिकट होतं आणि कार्डाची शाई त्याला धरून बसते. वरून कार्ड सरकवायचा कडक टॉपलोडरही बहुधा पीव्हीसीचाच असतो, पण त्यात हे द्रव्य जवळपास नसतं. तरीसुद्धा कार्ड आधी पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ पाकिटात, आणि मग टॉपलोडरमध्ये, हा क्रम सोडायचा नाही.

[दृश्य : मुंबई, अब्दुल रहमान स्ट्रीट, पाकिटांचे गठ्ठे]

अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीच्या दुकानांत पारदर्शक पाकिटं शेकड्याने मिळतात. शुभेच्छापत्रांची, कपड्यांची, कसलीही. माल बरेचदा चांगल्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो. अडचण त्या चिकट पट्टीची. कार्ड बाहेर काढताना ती पट्टी कार्डाच्या पृष्ठभागाला लागते आणि सोनेरी छपाई उचलून नेते. पट्टी नसलेलीच पाकिटं मागा. माप सांगताना इंच सांगा. कार्ड अडीच बाय साडेतीन, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. साधी पेनी स्लीव्ह जेमतेम तीन मिलिमीटर मोठी असते. घट्ट बसणारी हवी असेल, तर ६४ बाय ८९ ची ‘परफेक्ट फिट’. ती बोर्डगेम आणि पत्त्यांच्या खेळांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते.

रिकामे स्लॅब, म्हणजे कार्ड बंद करायच्या कडक प्लास्टिकच्या डब्या, चीनमधून मागवण्याचा सोपा रस्ता अ‍ॅलीएक्स्प्रेस होता. त्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. आता ते इथले छोटे विक्रेते आणून विकतात, किंवा परदेशातून मागवून सीमाशुल्क भरावं लागतं. विचारायचे प्रश्न दोनच : स्लॅबच्या आतला खळगा किती मिलिमीटर आणि प्लास्टिक कुठलं. ‘सगळ्या कार्डांना बसतो’ असं उत्तर आलं तर पुढच्याकडे जा.

[दृश्य : नागदेवी स्ट्रीट, मग व्हर्नियरच्या जबड्यात दोन पट्ट्या]

जाडीची भाषा पॉइंटची. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. ‘३५ पॉइंट’ लिहिलं असेल तर ०.८९ मिलिमीटर, ‘१३०’ म्हणजे ३.३. जर्सीचा तुकडा बसवलेली जाड कार्डं या दुसऱ्या टोकाची. नागदेवीला डिजिटल व्हर्नियर सहज मिळतो, पण त्याचे जबडे थेट कार्डावर लावायचे नाहीत, वळ उठतो. अ‍ॅक्रिलिकच्या दोन छोट्या पट्ट्या जबड्यात धरून शून्य करा. मग त्यांच्यामध्ये कार्ड ठेवून मोजा. आलेला आकडा कार्डाचाच.

[दृश्य : भिंगाखाली कोपरा, तिरका प्रकाश]

भिंग झवेरी बाजारातलं, दहा पटीचं, तीन काचांचं. तीस पट लिहिलेली स्वस्त भिंगं मोहात पाडतात. त्यांच्यात चित्राच्या कडा वाकतात, रंगीत किनार दिसते आणि भिंग इतकं जवळ न्यावं लागतं की कधीतरी त्याची धातूची कड कार्डाला टेकतेच. दहा पटीत भिंग आणि कार्ड यांच्यात साधारण अडीच सेंटिमीटर अंतर राहतं.

प्रकाश वरून नको. टेबलाच्या पातळीवरून, जवळजवळ आडवा. बघा, वरच्या दिव्यात हे कार्ड नवंकोरं वाटत होतं. आता मध्यभागी छपाईच्या रुळाची रेघ दिसते आहे आणि उजव्या कोपऱ्यात बोटाचा ठसा. ठसा कोरड्या मायक्रोफायबरने निघाला तर ठीक, नाही तर राहू द्या. पाणी, थुंकी, खोडरबर, काही नाही. धूळ रबरी फुग्याने उडवायची. डब्यातल्या दाबाच्या हवेतून कधी कधी द्रव उडतो आणि डाग कायमचा बसतो. हातमोजे सुती नकोत, त्यांचा धागा कोपऱ्यात अडकतो. धुऊन कोरडे केलेले हात किंवा नायट्राइलचे मोजे.

[दृश्य : स्कॅनरचा पडदा, कार्डाभोवती रेषा]

छपाई मधोमध आहे का, हे डोळ्याने ठरवू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करा. कारखान्याच्या मापाचं कार्ड या स्कॅनमध्ये १५०० बाय २१०० पिक्सेल भरतं. डावी कड ५२ पिक्सेल, उजवी ७८ : एकूण १३०, म्हणजे ६०-४०. पीएसए या कार्डांना आकडे देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या प्रमाणात नवाला पुढच्या बाजूस साधारण एवढंच चालतं. मागच्या बाजूला ९०-१० पर्यंत सूट. आणि रुंदीच जर १४८५ भरली? मग जवळपास ०.६४ मिलिमीटर कुठे तरी गेलेत, म्हणजे कुणी कड कापली असेल. कारखान्याची कटाई थोडी इकडेतिकडे होते, पण त्याच संचातलं दुसरं कार्ड शेजारी ठेवा आणि कापलेल्या कडेचा पोत भिंगातून जुळवा. स्कॅन बंद करण्याआधीच घ्यायचा. पातळ, स्वस्त स्कॅनरना काचेपासून वर उचललेली वस्तू धूसर दिसते. स्लॅबमधलं कार्ड त्यांना वाचताच येत नाही.

[दृश्य : अंधार, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, निळं चमकणारं कार्ड]

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं म्हणून आणलेलं कार्ड अतिनील प्रकाशात असं चमकत असेल तर ते कार्ड तेव्हाचं नाही. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची चकाकणारी रसायनं कागदात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली. टॉर्च ३६५ चा घ्या. ३९५ च्या टॉर्चमधून इतका जांभळा प्रकाश येतो की सगळंच चमकल्यासारखं वाटतं.

[दृश्य : वॅग्नरचं जुनं कार्ड, संग्रहातील छायाचित्रं]

हा होनस वॅग्नर, पिट्सबर्गचा बेसबॉलपटू. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून आलेल्या टी-२०६ संचातलं हे कार्ड. १९९१ मध्ये लिलावात आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्यांच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसएने तपासून क्रमांक दिलेलं हे पहिलं कार्ड. आकडा मिळाला आठ. पुढे २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. आणि २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केलं की कार्डाच्या कडा त्यांनी कापल्या होत्या. स्लॅबवरचा आठ तोपर्यंत बावीस वर्षांचा झाला होता.

आकडे देण्याच्या उद्योगाला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. बनावट कार्डांच्या बाजारात तिऱ्हाइताचं मत लागतंच. पण ते मत आहे. मार्च २०२१ मध्ये कार्डांचे ढीग इतके साचले की पीएसएने आपल्या स्वस्त सेवा थांबवल्या. भारतातून पाठवणाऱ्याला जाण्यायेण्याचं टपाल, विमा आणि सीमाशुल्क वेगळं. पुण्यातल्या शाळकरी मुलाच्या क्रिकेट अटॅक्स कार्डांच्या संचाने अमेरिकेला जाऊन यावं, याला काही अर्थ नाही.

[दृश्य : लेझर कटर, अ‍ॅक्रिलिकवर धावणारा ठिपका]

नावाच्या पाट्या आणि सन्मानचिन्हं बनवणाऱ्या कुठल्याही दुकानात लेझर असतो. तीन थरांचा स्लॅब तिथे होतो. पुढे दोन मिलिमीटर, मागे दोन, मध्ये कार्डाच्या जाडीची चौकट. परफेक्ट फिट स्लीव्हसाठी खळगा ६५ बाय ९० चा. लेझर स्वतः दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास खातो, ते त्या दुकानाच्या यंत्रावर आधी तुकडा कापून बघा. दोन मिलिमीटरचा पत्रा म्हणून दिलेला ओतीव अ‍ॅक्रिलिक १.७ सुद्धा भरतो. चौकटीचा पत्रा मोजून घ्या. चौकट कार्ड आणि स्लीव्ह मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा दोन दशांशाने जाड हवी. कमी पडली तर चकचकीत कार्ड प्लास्टिकला टेकतं आणि तिथे ओल्यासारखा इंद्रधनुषी डाग दिसतो. खूप जास्त झाली तर कार्ड आत खुळखुळतं आणि कोपरे खातं.

चार कोपऱ्यांना चार स्क्रू, बोटाने घट्ट होतील तेवढेच. पेचकसाने आवळले की मधला भाग वाकून कार्डावर दाब येतो. जुन्या स्क्रूच्या डब्यांतली कित्येक कार्डं अशी चपटी होऊन निघाली आहेत.

कापून आणलेलं अ‍ॅक्रिलिक सॅनिटायझरने किंवा स्पिरिटने पुसायचं नाही. लेझरच्या उष्णतेने कडांमध्ये ताण राहिलेला असतो. अल्कोहोल लागलं की ही अशी बारीक तड्यांची जाळी. साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग हवेवर वाळवणं. कोरडं घासलं की धूळ उलट ओढली जाते.

[दृश्य : भोसरी, अल्ट्रासॉनिक वेल्डिंगचं यंत्र, एक झटका]

कंपन्यांचे स्लॅब असे बंद होतात. एका अर्ध्यावर कडेने त्रिकोणी बारीक कणा असतो. टायटॅनियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हॉर्न, म्हणजे यंत्राचा ठोकळा, वरून दाबतो आणि सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतो. सगळी ऊर्जा त्या कण्याच्या टोकाला एकवटते, तो वितळतो आणि दोन्ही अर्धे एक होतात. वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत. दाब सुटण्याआधी क्षणभर धरून ठेवावं लागतं, नाहीतर सांधा थंड होण्याआधी उचकतो. वेळ जास्त झाली तर वितळलेलं प्लास्टिक आत सांडतं आणि प्लास्टिकचे पांढरे कण कार्डावर पडतात. दोन्ही अर्धे एकाच प्लास्टिकचे नसतील तर धरतच नाही. हे यंत्र गाडीचे दिवे जोडण्यासाठी आहे. तासाच्या भाड्याने काम करून देणारे मिळतात, पण रिकाम्या स्लॅबवर सेटिंग लागेपर्यंत कार्ड जवळ आणायचं नाही. कणा नसलेले, खटका दाबून बसणारे स्लॅब या यंत्राखाली घालू नका. ते हाताने, चारी कोपरे आळीपाळीने दाबून बसतात.

गोंद? सुपरग्लूची वाफ आतून पांढरी बुरशी धरल्यासारखी बसते. अ‍ॅक्रिलिकचं सॉल्व्हंट केशाकर्षणाने फटीतून थेट कार्डापर्यंत पोचतं. दोन्ही बाद.

[दृश्य : हवाबंद डबा, आर्द्रतामापक, वाकलेलं क्रोम कार्ड]

हे कार्ड जुलैतलं आहे. क्रोमच्या कार्डात कागद ओलावा पितो, वरचा चकचकीत थर पीत नाही, म्हणून ते धनुष्यासारखं वाकतं. तसंच बंद केलं तर स्लॅबमध्ये एका बाजूला घासत राहतं. दोन दिवस हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत, मापक ५० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत. ३० पर्यंत नेलं की ते उलटीकडे वाकतं. मापक बरोबर दाखवतो का हे तपासायला बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ घेऊन दोन्ही एका पिशवीत रात्रभर ठेवा. आकडा ७५ यायला हवा. स्लॅब हवाबंद नसतो. त्यामुळे कपाटातही जेलची पुडी लागते, आणि ती दर पावसाळ्यात बदलावी लागते.

[दृश्य : छपाई, चिठ्ठी कापणं]

स्लॅबमध्ये कार्डासोबत जाणारी चिठ्ठी आम्लरहित कागदावर, लेझर प्रिंटरवर. इंकजेटच असेल तर छापून एक दिवस उघडी वाळवायची. गोंदाचं स्टिकर कार्डाच्या खळग्यात नको. मजकूर : खेळाडू, संच, वर्ष, कार्डाचा क्रमांक, मग मध्य, कोपरे, कडा, पृष्ठभाग यांचे चार वेगळे आकडे, तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख. एकूण आकडा सगळ्यांत कमी आकड्यापेक्षा अर्ध्या गुणाहून जास्त वर न्यायचा नाही. कुठल्याही कंपनीच्या चिठ्ठीचा रंग, मांडणी किंवा होलोग्राम उचलायचा नाही. बनावट स्लॅब तिथूनच सुरू होतात.

स्वतः दिलेल्या नवाला बाजारात नवाचा भाव मिळत नाही. विकताना ते आधी सांगा.

[दृश्य : प्लास्टिकची पातळ पट्टी स्लॅबच्या फटीत]

घेणाऱ्याने उघडून बघायचं म्हटलं, तर खटक्याच्या स्लॅबला प्लास्टिकची पातळ पट्टी लागते, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडची. चिठ्ठीच्या बाजूच्या कोपऱ्यातून सुरू करा, कार्डापासून लांब. प्लास्टिक पांढरं पडेल. तो स्लॅब पुन्हा वापरू नका, नवा घ्या आणि चिठ्ठीवर नवी तारीख घाला.